पादत्राणे ओळीने ठेवावीत

वर्गात मुलं चाळीस आणि चपलांचा जोड एकच, तोही माझा. आणि भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर पहिला नियम काय, तर 'पादत्राणे वर्गाबाहेर ओळीने काढून ठेवावीत.' आता एका जोडाची ओळ कशी करायची, हे त्या लिहिणाऱ्या शहाण्याने सांगितलं नव्हतं.

पुठ्ठा गुरुजींचा होता. आमची शाळा दोन मास्तरांची, खोली मात्र एकच. तिसरी-चौथी गुरुजींकडे आणि त्याखालची सगळी चिल्लीपिल्ली माझ्याकडे. गुरुजींची पेन्शन वर्षावर आली होती, आणि त्यांचं एका गोष्टीशिवाय कशावरही प्रेम उरलेलं नव्हतं. ती गोष्ट म्हणजे तपकीर. तरुणपणी कुठल्याशा ट्रेनिंगला गेले असताना त्यांनी ते सात नियम शाईने उतरवून घेतले होते, आणि बदली होईल तिथे पुठ्ठा काखोटीला मारून नेत. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "गुरुजी, इथे पोरांच्या पायात काहीच नसतं हो!" तर नाकात चिमूट कोंबून म्हणाले, "बाई, नियम पोरांसाठी नसतात. तपासणीसाठी असतात."

तपासणी या एका शब्दावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. त्याचं कारण सांगते.

आम्ही अंबरनाथला राहायचो. वडील कारखान्यात कारकून. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी सातवीची फायनल पास झाले आणि बदलापूरच्या पुढे, बारवीच्या वाटेवरच्या एका पाड्यावर मला तात्पुरती शिक्षिका म्हणून घेतलं. गाडीने एक स्टेशन आणि पुढे तासभर पायपीट. बाबांनी होकार दिला, पण अटीवर. बाबांचं सगळंच अटीवर असायचं. "माघात तपासणी आहे ना? साहेबाने कायम केलं तर कर खुशाल मास्तरकी. नाही केलं, तर कल्याणचं स्थळ आहेच."

कल्याणचं स्थळ म्हणजे बिजवर. कोर्टात नोकरी, पस्तिशीचं वय, पदरी दोन मुलं. एकदा ओळखीपाळखीतून येऊन गेला, तेव्हा चार लाडू खाल्ले आणि आईला एकच प्रश्न विचारला, "मुलीला फार बोलायची सवय नाही ना?" आईने पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, ते मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. मी आतल्या खोलीत होते आणि नेमकी तेव्हाच गप्प होते, म्हणून तो माणूस पुन्हा निरोप धाडण्याइतका फसला.

तर असं होतं. साहेबाचा शेरा चांगला आला तर शाळा, नाही आला तर चार लाडू.

त्यामुळे मी नियमांच्या मागे हात धुऊन लागले. पहिल्या दिवशी दरडावून सांगितलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" चाळीस पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने छातीवर हाताची घट्ट घडी घातली, दोन्ही पंजे काखेत गेले, आणि ती विचारात पडली. बोट कुठलं आणायचं? तिने शेजारणीकडे नुसतं बघितलं. शेजारणीने मुकाट्याने आपलं बोट काढून हिच्या तोंडावर ठेवलं. झालं! एवढं बघताच सगळ्या वर्गाला वाट सापडली. अर्ध्यांनी घड्या घातल्या आणि अर्ध्यांनी त्यांच्या तोंडांवर बोटं ठेवली. मी कपाळावर हात मारून घेतला, तर चार पोरांनी लगेच आपापल्या कपाळावर मारून घेतला. त्यांना वाटलं, हाही नियमच.

ज्या मुलीने घडी घातली होती तिला मी मॉनिटर केलं. वय वर्षं सहा, नाकात चमकी, कपाळावर गोंदण, आवाज बारा जणांचा. नियम म्हटलं की तिच्या अंगात यायचं. करंगळी वर म्हणजे लघवीला, दोन बोटं म्हणजे परसाकडे, आख्खा हात म्हणजे उत्तर येतंय, हे तिने चार दिवसांत सगळ्यांना घोटून दिलं. आत येताना उंबऱ्याबाहेर थांबून 'बाई, मी आत येऊ का?' विचारायचं, हेही. आणि रोज सकाळी मी चपला काढल्या की ही ओणवी होऊन त्या दोन बोटांनी सरळ करायची. एखादी चप्पल सूतभर वाकडी दिसली की वर्गात येऊन सगळ्यांसमोर म्हणायची, "बाय, तुजी चप्पल तिरकी हाय." त्या चपला उल्हासनगरच्या कॅम्पातून घेतलेल्या. दुकानदार सिंध्याने छातीवर हात ठेवून 'दस साल चलेगी बेटी' म्हटलं होतं. दहा वर्षं कसली, दहा महिन्यांत अंगठा निघाला. पण पोरीने त्यांची जी बडदास्त ठेवली ती देवाच्या पादुकांची कुणी ठेवणार नाही.

महिन्याभराने तिची आई तक्रार घेऊन आली. "बाय, आमचे सासऱ्याला ती भाईर उभा करते. 'आत येऊ का' बोलल्याबिगर घरात घेत नाय. म्हातारा दिसभर रानात राबून येतो नि दारात उभा." मी वरवर पोरीला रागे भरले. आतून मात्र मला गुदगुल्या झाल्या. कारण आमच्या घरी उलटा कारभार. बाबांच्या आधी त्यांचा आवाज घरात यायचा. "आहे का कुणी घरात!" अशी आरोळी, मग एक चप्पल पायरीवर, दुसरी पार मोरीच्या तोंडाशी. आई मागून जाऊन दोन्ही जुळवून ठेवायची, वर्षानुवर्षं. मी मनात म्हणायचे, चाळीस पोरं वठणीवर आणली, पण या एकाला कोण आणणार?

माघ आला. शाळा तपासणाऱ्या साहेबांना गावात दिपोटी म्हणत. दिपोटी उद्या येणार असा सांगावा आला आणि गुरुजींचं धाबं दणाणलं. "बाई, पहिला नियम! साहेब दारातच बघणार. ओळ दिसली पाहिजे, ओळ!" मी आधीच घाबरलेली, त्यात त्यांची भुणभुण. मी वर्गात गेले आणि चढ्या आवाजात बोलून बसले, "उद्या प्रत्येकाने पायात काहीतरी घालून यायचं. कुणी अनवाणी दिसला तर याद राखा!"

बोलले आणि विसरूनही गेले. माझं हे असंच. तोंडातून सुटलं की माझ्या डोक्यातून जातं. पण चाळीस डोक्यांत ते गेलं होतं, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. पाड्याकडून पोरं येताना दिसली, पण त्यांची चाल काही ओळखीची वाटेना. फरफट, फरफट, धप! जवळ आली तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. सगळ्यांच्या पायात काहीतरी होतं. बापाच्या वहाणा, काकाच्या टायरच्या चपला, पोलीस पाटलांचे नाड्या नसलेले बूट, कुणाच्या तरी लग्नातले जरीचे जोडे, देवळातल्या बुवांच्या खडावा. एक पोरगं तर दोन पायांत दोन भावांची दोन तऱ्हेची पायताणं घालून पडत-झडत येत होतं. गावात तेव्हा होती नव्हती तेवढी सगळी पादत्राणं शाळेच्या दारात आली होती.

आणि माझ्या मॉनिटरने त्यांची ओळ लावली. अशी ओळ मी जन्मात पाहिली नाही. प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं राहायचं हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पायताणंही उंचीप्रमाणे लावली. लहान पुढे, मोठी मागे. जोड म्हणून दोन एकत्र राहिली पाहिजेत असं काही पुठ्ठ्यावर लिहिलेलं नव्हतं. मी ओरडणार, एवढ्यात गुरुजी आनंदाने चिरकले, "राहू द्या बाई, राहू द्या! काय ओळ आहे!" आणि त्यांनी खुशीत तपकिरीची दुप्पट चिमूट ओढली. तितक्यात साहेब वळणावर दिसले. मी पोरांना आत पिटाळलं, घडी, बोट. सगळं चिडीचूप.

आता साहेबांनी काय पाहिलं ते ऐका. त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितलं. शाळेबाहेर मोठ्या माणसांच्या वहाणांची ही एवढी रांग, आणि आतून हूं नाही की चूं नाही. असं आपल्याकडे कधी असतं? लग्न असेल तर गलका असतो, कीर्तन असेल तर टाळ असतात. साहेबांनी ओळखलं, कुणीतरी गेलं. गाव समाचाराला जमलंय.

बिचारे सज्जन गृहस्थ. साहेबलोक बूट घालून थेट खुर्चीपर्यंत यायचे. यांनी दाराबाहेरच बूट काढले आणि ओळीच्या शेवटी ठेवले. मान खाली घालून आत आले. अशा वेळी नमस्कार करायचा नसतो म्हणून केला नाही. आम्ही पोलीस पाटलांकडून खुर्ची आणली होती, तिला हार बांधला होता. ती तशीच ठेवून ते पोरांच्या गोणपाटावर मांडी घालून बसले. मला सूचना होती की साहेब बोलेपर्यंत बोलायचं नाही. ते बोलेनात, म्हणून मी बोलेना. चाळीस पोरं बोटं तोंडावर ठेवून त्यांच्याकडे टकामका बघताहेत. आणि कोपऱ्यात गुरुजी! दुप्पट तपकिरीने त्यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या, उपरण्याने पुसताहेत, हुंदके यावेत तशा शिंका दाबताहेत. साहेब हळूच उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, धीर धरा. कुणाच्या हातात असतं का हे?"

गुरुजींना वाटलं, पेन्शन गेली. ते मटकन खालीच बसले.

"घरातलं कुणी होतं का?" साहेबांनी मला विचारलं, अगदी खालच्या आवाजात.

"नाही हो, कुणी गेलेलं नाही, साहेब!" मी म्हटलं. आणि घात झाला. बाईंनी 'साहेब' शब्द उच्चारला की सगळ्यांनी उठून ओरडायचं, असं मीच पंधरा दिवस घोटून घेतलं होतं. चाळीस पोरं एका झटक्यात उभी राहिली आणि कौलं हलतील असं किंचाळली, "नमस्ते साहेब!"

साहेब हातभर उडाले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मग बाहेर ज्यांच्या एवढ्या वहाणा आहेत, ती माणसं कुठे आहेत?"

"माणसं नाहीत," मी म्हटलं, या वेळी 'साहेब' गिळून. "नुसती पायताणंच आहेत."

त्यांनी पोरांच्या अनवाणी, भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या वहाणांकडे, मग पुठ्ठ्याकडे. चेहरा लाल होत गेला. खरं म्हणजे फजिती त्यांची झाली होती, आणि फजिती झालेल्या साहेबासारखं वाईट काही नसतं. "ही पादत्राणं या मुलांची आहेत?" त्यांनी विचारलं. एकेक शब्द तोडून.

माझ्या डोळ्यांपुढे ताटातले चार लाडू आले. देवाशपथ सांगते, लाडूच आले. आणि मी म्हणाले, "हो."

आख्खा हात वर गेला. मॉनिटरचा. साहेबांनी मान हलवताच ती उभी राहिली आणि बारा जणांच्या आवाजात म्हणाली, "बाय खोटं बोलते."

धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं मला. तिने वळून पुठ्ठ्याकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ कुठे आहे ते पाठ होतं. पाचवा नियम, नेहमी खरे बोलावे. "त्यो मोठा जोड आमचे आज्याचा हाय. आजा भाईर बसलाय."

साहेब बाहेर गेले. मागून मी. शाळेमागच्या आंब्याखाली एक म्हातारा बसला होता. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, एक हात छातीवर आडवा आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर. त्याला वांगणीला लेकीकडे जायचं होतं, सकाळच्या थंडाव्यात. पण नातीने बजावलं होतं, घंटा झाल्याबिगर ओळीतलं काही काढायचं नाय आणि बोलायचं नाय. पाड्यापासून शाळेपर्यंत तो कापलेल्या भाताच्या धसकटांतून अनवाणी चालत आला होता, आणि पायाला रक्त होतं.

मला त्या क्षणी नोकरीबिकरी काही सुचलं नाही. फक्त लाज वाटली. माझ्या एका ओळीसाठी हा माणूस रक्ताळला, आणि मी 'हो' म्हणाले.

"आजोबा, आत या," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्याने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने नातीकडे बघितलं. तिने भुवया वर केल्या. म्हातारा उठला, लंगडत दाराशी आला, उंबऱ्याबाहेर थांबला, बोट तोंडावरून काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, मी आत येऊ का?"

साहेबांनी आधी मिशी दाबली. मग तोंड फिरवलं. मग त्यांना ते आवरेना, आणि ते दाराच्या चौकटीला धरून असे हसले की गुरुजींनाही वाटलं, पेन्शन परत आली. मी म्हाताऱ्याला त्या हार बांधलेल्या खुर्चीवर बसवलं आणि पाय धुवायला पाणी आणलं. "माफ करा हो, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. तो म्हणाला, "तुज्यामुलं कं? पोरगी शिकते ना?" एवढंच.

साहेबांनी शेरेबुक मागवलं, गोणपाटावर बसूनच लिहिलं, आणि बूट शोधायला गेले. बूट एकेकटे झाले होते, कारण मॉनिटरने तेवढ्यात त्यांनाही त्यांच्या उंचीच्या जागी नेऊन बसवलं होतं. बाकी गावाने पायताणांचे जोड जुळवायला पुढे आठ दिवस घेतले, आणि त्या आठ दिवसांत माझा जो उद्धार झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

शेरा मी कागदावर उतरवून घरी नेला. बाबा कामावरून आले, आरोळी झाली, एक चप्पल पायरीवर, दुसरी मोरीशी. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचायला घेतलं. "'एकाही मुलास पादत्राण नाही. शिस्त मात्र आजोबांपर्यंत पोहोचली आहे. बाई खोटे बोलतात.'" ते थांबले. "हे साहेबाने लिहिलंय?"

"हो."

"आणि हे तू मला दाखवतेस?"

"पुढे वाचा ना."

"'वर्ग मात्र खरे बोलतो. तरी बाईंना कायम करावे. वर्ग त्यांना सुधारील.'"

आई चुलीपाशी थांबलेली. बाबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी मनात. मग मला आजोबांचं काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं, पायाच्या रक्तासकट, माझ्या 'हो'सकट. ते हसले नाहीत. कागदाची घडी केली, चपला शोधून घातल्या आणि "कल्याणला निरोप धाडून येतो," एवढं म्हणून बाहेर पडले. निरोप काय, ते ना मी विचारलं ना आईने.

दिवेलागणीला आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. आज आरोळी कशी झाली नाही, असं आई म्हणाली आणि मी मान वर केली. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते, हाताची घडी घालून. दोन्ही चपला भिंतीलगत शेजारी शेजारी ठेवलेल्या.

"बाई, मी आत येऊ का?" ते म्हणाले.

हसायलाच हवं होतं. पण मला रडू फुटलं, आणि तांदळाचं सूप मांडीवरून घसरलं. "या," मी कशीबशी म्हटलं.

एक चप्पल जरा तिरकी होती. ती मी तशीच राहू दिली.